दिसतं, पण वाचता येत नाही

१२ मार्च १९८५, मंगळवार. चिंचणी

डॉक्टरांनी सांगितलंय, रोज थोडं लिहीत जा. काय लिहू विचारलं तर म्हणाले, काहीही. नाव, वय, काम यापासून सुरुवात करा. शाळेत नव्या बाईंनी सांगावं तसं. तर सुरुवात.

माझं नाव वत्सला राऊत. वय त्रेपन्न. लग्न केलं नाही. काम, पुण्याला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणं. त्यातही विज्ञानाचं तत्त्वज्ञान. म्हणजे काय, असं लोक विचारतात तेव्हा मी सांगते, शास्त्रज्ञ एखादी गोष्ट खरी मानतात ती कशाच्या जोरावर, हे तपासायचं. लोक म्हणतात, अच्छा, आणि दुसरा विषय काढतात.

सहा फेब्रुवारीला सकाळी चहा घेऊन वर्तमानपत्र उघडलं आणि वाटलं, पेपरवाल्याने आज कानडी अंक टाकला. वळणं ओळखीची, पण एक अक्षर लागेना. चडफडत शेजारणीकडे गेले. ती म्हणाली, अहो, मराठीच आहे की! घरात येऊन पुस्तकं काढली. सगळीच कानडी झाली होती. इंग्रजीसुद्धा.

दवाखान्यात डॉक्टरांनी कागद पुढे केला. त्यावर मी नाव, पत्ता, काय झालं ते न अडखळता लिहिलं. त्यांनी तोच कागद माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, आता हे वाचा.

माझंच अक्षर. वाचता आलं नाही.

मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची बारीक गुठळी अडकली म्हणे. डोळे शाबूत, भाषा शाबूत, दोन्हींमधला रस्ता तेवढा तुटला. उजव्या बाजूचं निम्मं जगही गेलं. त्या बाजूने कोणी आलं तर अंगावर आल्यावरच कळतं. महिनाभर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात काढला. मग तात्या, म्हणजे माझा थोरला भाऊ शांताराम, येऊन मला इथे घरी घेऊन आला.

हे लिहिते आहे ते मला वाचता येणार नाही. विहिरीत बोलल्यासारखं वाटतं.

१५ मार्च

उजवा खांदा दोनदा दाराला आपटला. काळानिळा झालाय. वहिनी बोलत काही नाही, पण घरात चालताना माझ्या उजव्या हाताला असते. तिची सवय असावी.

तात्याला मात्र एक विचित्र खोड लागलीये. सकाळी ओटीवर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो. पूर्वी मनात वाचायचा, तेही मिरचीचा नि चिकूचा भाव बघण्यापुरतं. आता अग्रलेख वाचतो, परदेशच्या बातम्या वाचतो, निधनवार्तासुद्धा सोडत नाही. जोडाक्षरांना अडखळतो, पुन्हा मागे जातो. मी पलीकडच्या खोलीत असते. तिथवर खणखणीत ऐकू येतं. म्हातारपणी माणसं आपल्याच आवाजाच्या प्रेमात पडतात. सांगावंसं वाटतं, तात्या, जरा हळू. पण घर त्याचं.

२ एप्रिल

पुस्तकाचं काय, हा प्रश्न मी टाळत होते. आज प्रकाशकांचं पत्र आलं. तात्याने वाचून दाखवलं. हस्तलिखित कधी देता, तब्येत सांभाळून, घाई नाही. घाई नाही याचा अर्थ मला कळतो.

आठ वर्षं लिहिते आहे. मराठीत माझ्या विषयावरचं पुस्तक नाही म्हणून लिहायला घेतलं. ट्रंकेत गठ्ठा पडलाय. प्रकरणं जवळजवळ पुरी आहेत, पण एकदा सगळं नीट तपासून, खोडून, परत लिहिल्याशिवाय देता येणार नाही. आणि तपासायचं तर वाचायला हवं.

दुपारी वहिनी मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. मी सहज म्हटलं, वहिनी, तू वाचून दाखवशील का मला थोडं?

"मी?" तिने हात थांबवले. "वन्सं, मी सातवीपर्यंतची. ते पन पोरींची लग्नं झाल्यापासून पत्रिका सोडली तर काय वाचलंय?"

"अक्षर लावता आलं तर पुरे. समजायला नको."

"समजायला नको तं वाचायचं कशाला?"

मी म्हटलं, मला समजेल ना. ती हसली. हात पदराला पुसून आली आणि माझ्या डावीकडे बसली. पहिलं पान वाचून होईपर्यंत चहाची वेळ झाली. 'निरीक्षण' हा शब्द पहिल्यांदा 'निरक्षण' झाला, मग 'निरीक्ष... जाऊ दे, तेच' झाला. वाक्य संपलं तरी तिचा सूर खाली येत नाही, तो लोंबकळत राहतो. विद्यापीठात एवढी भाषणं दिली, पण माझी वाक्यं इतकी लांब असतात हे मला कधी ऐकू आलं नव्हतं.

बिचारीला विनाकारण कामाला लावलं. घरचं, वाडीचं काय कमी आहे तिला? उद्या पुरे म्हणणार आहे.

५ एप्रिल

पुरे म्हणायच्या आत ती गठ्ठा घेऊन बसलेली असते. माझं मन मोडू नये म्हणून करत असेल.

आज म्हणाली, "त्या बाईचं पुढे काय झालं, जी रोज चंद्र बघायची नि वहीत काढायची?" पहिल्या प्रकरणात मी एका कल्पित बाईचं उदाहरण घेतलंय. मी म्हटलं, तिचं पुढे काही होत नाही, ती फक्त उदाहरण आहे. वहिनी नाराज झाली. "एवढं रोज चंद्र बघायला लावलंत नि मदीच सोडून दिलीत?"

१९ एप्रिल

आजचा दिवस लिहून ठेवायला हवा.

डोळे दाखवायला बोईसरला जायचं होतं. वहिनीला ताप. तात्या वाडीत पाणी सोडून बसलेला. तेव्हा आमच्या वाडीत कामाला येणारी भागी सोबत आली. भागी पाम गावाच्या पलीकडच्या पाड्यावरची. तिचा जावई कुंभवलीच्या बाजूला कारखान्यात आहे, त्याच्याकडे जायचं म्हणून ती तशीही निघालीच होती.

डॉक्टर झाले, भागीचा जावई झाला. परत स्टँडवर आलो तर चार गाड्या उभ्या. मी सवयीने पाटी बघायला पुढे गेले. उभी राहिले. पाटीवर पांढरी वळणं. डोकं वर करून मी तशीच उभी, आणि मागून माणसं ढकलताहेत. शेजारी निळ्या कपड्यातला एक कामगार होता. त्याला म्हटलं, "भैया, चश्मा घर पे रह गया, ये गाडी कहाँ जाएगी?" चष्मा माझ्या नाकावर होता.

तो काही बोलायच्या आत भागीने मागून आवाज दिला, "ए दादा, चिंचनीची कंची रं?"

"ये वाली, माताजी. आइए, आइए." त्याने आमच्यासाठी जागासुद्धा धरली. माझ्या नाकाकडे बघितलं पण बोलला नाही. देव त्याचं भलं करो.

गाडी सुटल्यावर भागी म्हणाली, "बाय, तू एवढी शिकलेली. तुला पन नाय येत वाचाया?"

"येत होतं. आता नाय येत."

"मंग माज्यासारखीच झाली तू." आणि खळखळून हसली. त्यात टोमणा नव्हता. कुणी आपल्या गावचं भेटल्यावर होतो तसा आनंद होता. "ईचारायचा. तोंड दिलाय ना देवानं. त्यात कसली लाज?"

जावयाने दिलेल्या भाजलेल्या शेंगांची पुडी तिने सोडली. दोघींनी खात खात घर गाठलं. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे कुणी कीव न करता बघितलं. घरी येऊन वहिनीला सांगितलं तर तीही तापात हसत सुटली.

६ मे

लिहायला हात चालत नाही, इतका संताप आहे.

तिसऱ्या प्रकरणात उष्णतामापकाचं, म्हणजे थर्मामीटरचं, उदाहरण आहे. पहिला उष्णतामापक केला तेव्हा तो बरोबर आहे हे कशावरून ठरवलं? बरोबर असलेला दुसरा तर नव्हता. माझ्या मते पुस्तकातला सर्वात महत्त्वाचा भाग. चौथं प्रकरण सुरू झालं तरी तो आला नाही म्हणून मी विचारलं.

वहिनी म्हणाली, "ते होय? ते मी सोडलं."

"सोडलं म्हणजे?"

"लई लांब होतं. तुमी पन डोळे मिटून होतात. मला वाटलं झोपलात."

आणि कुठे कुठे सोडलं? तिने शांतपणे सांगितलं, मधूनमधून. म्हणजे महिनाभर मी तपासलं असं मानत होते ते तपासलंच गेलं नव्हतं! मी नाही नाही ते बोलले. सातवी शिकलेल्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची, असंही बोलले. तिने गठ्ठ्याला दोरी बांधली, ट्रंकेत ठेवला आणि चुलीकडे गेली.

८ मे

घरात बोलणं नाही. ताट मात्र नेहमीप्रमाणे माझ्या डाव्या बाजूला येतं, मासे काटे काढून.

तात्याने संध्याकाळी ओटीवर बोलावलं. सुपारी कातरत बसला. मग म्हणाला, "वच्छे, ती दुपारची झोपायची आधी. जेवली की तासभर. लग्न होऊन आली तेव्हापास्नं."

एवढंच. पुढे काय, म्हणून मी वाट बघितली, पण तो उठून विहिरीकडे गेला. वहिनीच्या झोपेचा इथे काय संबंध हे आधी कळेना. मग कळलं.

९ मे

सकाळी वहिनी पाट्यावर मसाला वाटत होती तिथे जाऊन बसले. म्हटलं, वहिनी, मी वाईट बोलले. माफ कर.

ती वाटतच राहिली. मग म्हणाली, "मी लबाडी नाय केली वन्सं. तुमी काही काही ठिकानी माझ्याशी बोलता. ते मला वाचावंसं वाटतं. काही ठिकानी तुमी पुन्यातल्या कुना मानसाशी भांडत असता. माझी पाठ त्याच्याकडे. मी कशाला मदी पडू?"

दुपारी ट्रंक उघडली. तिने सोडलेली पानं एकेक करून पुन्हा वाचायला लावली. ती बरोबर होती, म्हणजे बऱ्याच ठिकाणी. तिथे मी खरोखरच एका जुन्या सहकाऱ्याशी भांडत होते, आणि तो निवृत्त होऊन नाशिकला गेला त्याला काळ लोटला. ती पानं काढून टाकली.

पण उष्णतामापक काढणार नाही. ते मी तिला स्पष्ट सांगितलं. ते अवघड आहे, कारण ती गोष्टच अवघड आहे, त्याला माझा इलाज नाही.

वहिनी म्हणाली, "मंग तसं आधी सांगा ना. की बाई, आता चढ हाय, दम धर."

तसं वाक्य घातलं. 'इथून थोडा चढ आहे.' एवढं सोपं लिहिलेलं विद्वान मंडळींना चालेल का, अशी शंका येते. पुस्तक दिवसेंदिवस पातळ होत चाललंय. वहिनीला झेपावं म्हणून मी काय काय गाळते आहे, याची मला कधीकधी काळजी वाटते. पण तिच्याशिवाय काहीच होणार नाही, तेव्हा एवढी किंमत द्यायलाच हवी.

३० जून

खूप दिवस वही हातात घेतली नाही. काम चालू आहे. मी लिहिते, ती मला वाचून दाखवते, मी खोडते. ओळी एकमेकींवर चढू नयेत म्हणून तात्याने पुठ्ठ्याची पट्टी कापून दिली आहे. पट्टी सरकवत लिहायचं.

चंद्र बघणाऱ्या बाईला अखेर गोष्ट द्यावी लागली. ती आता पुस्तकभर फिरते. तिच्या आकृत्या चुकतात, शेजारीण तिच्याशी वाद घालते, एकदा ती वही फाडून टाकते. वहिनीला हे प्रकरण इतकं आवडलं की तिने ते मला न विचारता तात्याला वाचून दाखवलं. मी ओशाळले. तो भात कालवता कालवता ऐकत होता म्हणे.

२४ जुलै

सावकाश लिहिते.

सत्यनारायणासाठी माळ्यावरची पितळी भांडी काढली होती. चिंच लावून घासायला आम्ही दोघी मागच्या पडवीत बसलो. मी एक मोठा डबा मांडीवर घेऊन घासत होते. झाकणाच्या कडेला काहीतरी कोरलेलं होतं, टिंबटिंब करून, पूर्वी भांडीवाले कोरून द्यायचे तसं. डोळ्यांना ते नुसतं खरखरीत दिसत होतं. पण अंगठा त्यावरून फिरत होता. मी काही करत नव्हते, अंगठाच वळणाने चालला होता. खाली, गोल, वर, काना, वरती मात्रा.

गो.

मी ओरडलेच असणार, कारण वहिनी दचकली. मी म्हटलं, थांब, बोलू नकोस. पुन्हा अंगठा फिरवला. गो. पुढे ज. मग रा. डोळे मिटले तर अजून स्पष्ट आलं.

गोजराबाई. माझी आई. तिच्या लग्नातला डबा.

पाच महिन्यांनी मी वाचलेला पहिला शब्द. मी रडत होते, हात चिंचेने बरबटलेले, आणि वहिनी म्हणत होती, "काय झालं वन्सं? कापलं का? दाखवा बघू." मी तिचा हात धरून डब्यावर ठेवला. ती वाचून म्हणाली, "सासूबाईंचा डबा हाय, त्यात रडायचं काय?" मग तिला उमगलं. तिने चिंचेच्याच हाताने माझं डोकं छातीशी ओढलं आणि तात्याला अशी हाक मारली की शेजारपाजारचे धावत आले.

डोळ्यांचा रस्ता तुटला आहे, पण हाताचा आहे. अक्षर हाताने गिरवलं तर ते कळतं. लहानपणी पाटीवर गिरवताना हाताला शिकवलं होतं. तो विसरला नाही.

तात्या आला. डबा हातात घेऊन त्याने ते नाव निरखलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आईनं शिकवलं व्हतं तुला गिरवायला. ह्याच पडवीत." आणि बाहेर निघून गेला. इतक्या पावसात कशाला गेला कोण जाणे.

१० ऑगस्ट

डॉक्टरांचं पत्र. काहींना असं जमतं, सराव करा, पण पूर्वीसारखं वाचता येईल अशी आशा धरू नका. नाही धरत. छापील अक्षरावर बोट फिरवून एक ओळ वाचेपर्यंत वहिनीच्या भाकऱ्या होतात. पण ओळ होते. आज वर्तमानपत्रातलं मथळ्याचं वाक्य एकटीने लावलं. कुठल्याशा मंत्र्याने कुठलासा पूल उघडला. मला तो मंत्री सख्खा वाटला.

मागच्या आठवड्यात तात्याला सांगितलं होतं, आता मी स्वतः वाचू शकते, तुला मोठ्याने वाचायचं असेल तर वाच, नाहीतर मनात वाचलंस तरी चालेल. तो चमकून माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून मनात वाचू लागला. मला आता सकाळ सुनी वाटते. मग आज मीच म्हटलं, अग्रलेख तेवढा वाच ना. त्याने घसा साफ केला आणि असा वाचला की कुंपणापलीकडचे लोक थांबले.

माझ्या बुद्धीला काय म्हणावं! जन्मभर पुराव्याची चिकित्सा केली, आणि भाऊ ओटीवर कुणासाठी वाचतोय हे पाच महिने कळलं नाही.

१ सप्टेंबर

आज मंगला येऊन गेली. पुण्याला शिकत असताना ती विषय रसायनशास्त्र असूनही माझ्या तासांना मागच्या बाकावर येऊन बसायची. आता पालघरला कॉलेजात शिकवते, राहायला बोईसरला. माझ्या आजाराचं तिला उशिरा कळलं म्हणून डोळ्यांत पाणी आणलं.

तिला मी सांगितलं की पुण्याची नोकरी सोडते आहे. रजा संपत आली, आणि वाचता न येणारी प्राध्यापक कोण ठेवील? ती म्हणाली, "बाई, आमच्याकडे या. पगारी जागा नाही देऊ शकत मी. पण एक व्याख्यान द्या. मुलं सूत्रं पाठ करतात आणि थेट कारखान्यात जातात. खरं कशावरून, हे त्यांना कुणी विचारायलाच शिकवलं नाही."

मी म्हटलं, टिपण न बघता मला बोलता येत नाही. कधीच आलं नाही. ती म्हणाली, "टिपण बघून तुम्ही बोलायच्या तेव्हा आम्ही निम्मं झोपायचो, बाई." आणि जीभ चावली. वहिनी आत हसत होती, मला ऐकू आलं.

विचार करून सांगते म्हटलं.

राजीनामा मात्र लिहिला. वहिनीने वाचून बघितला आणि पाकिटात घातला. सव्वीस वर्षांची नोकरी. संध्याकाळी तिघं समुद्रावर गेलो. सुरूच्या झाडांत बसलो. रडू येईल वाटलं होतं, आलं नाही. वहिनीने कोलंबीचं लोणचं नि भाकरी बांधून घेतली होती. भूक मात्र सपाटून लागली.

२० नोव्हेंबर

पुस्तक गेलं. तात्या स्वतः पुण्याला जाऊन प्रकाशकांच्या हातात देऊन आला. टपालावर त्याचा विश्वास नाही.

घर रिकामं झालं. दुपारी वहिनी सवयीने माझ्या डावीकडे येऊन बसली. वाचायला काही नाही. म्हटलं, आता झोप जरा, किती दिवस झाले तुझी दुपारची झोप बुडतेय. ती म्हणाली, "झोप कसली? रात्री काय करायचं मंग?" मग थोड्या वेळाने, "तुमच्या त्या ट्रंकेत दुसरं काय हाय का? गोष्टीचं नसलं तरी चालंल."

माझी करमणूक व्हावी म्हणून विचारत होती. केवढं मन आहे तिचं.

४ डिसेंबर

प्रकाशकांचं पत्र. वहिनीने वाचलं. त्यांना आवडलं आहे. लिहितात, आपली आधीची शैली आम्हांला परिचित होती, त्यामुळे थोडी धाकधूक होती; हे पुस्तक मात्र आमच्या घरातल्या मंडळींनीही वाचलं. चंद्र बघणाऱ्या बाईबद्दल विशेष लिहिलंय.

"माझी बाई," वहिनी म्हणाली, आणि ते वाक्य पुन्हा वाचलं.

अर्पणपत्रिकेबद्दल विचारलं आहे. मी लगेच लिहायला बसले. वहिनीला वाचायला दिली नाही. तात्याकडून पाकीट बंद करून घेतलं. त्याने वाचलं असणार. जेवताना त्याने तिला दोनदा 'तू पन बस आता' म्हटलं.

१८ जानेवारी १९८६. पालघरहून परत

व्याख्यान झालं.

मनात जुळवलेली वाक्यं सकाळी सगळी पळाली होती. तिघं निघालो. तात्या येईल असं वाटलं नव्हतं. चिकू उतरवायचे दिवस. पण सकाळी पाहते तर धुवट धोतर, टोपी, दारात उभा.

वर्गात मुलं दाटीवाटीने. बोईसरच्या कारखान्यांतली काही माणसं पाळी संपवून तशीच आलेली. मंगलाने माझी ओळख करून दिली. मी उभी राहिले आणि काय झालं कोण जाणे, फळ्याकडे बघून म्हटलं, "मागे तुमच्या बाईंनी काहीतरी लिहिलंय. मला ते दिसतंय. पण वाचता येत नाही."

सगळ्यांच्या माना फळ्याकडे वळल्या.

मग मी सांगत गेले. कानडी झालेलं वर्तमानपत्र, बोईसरचा स्टँड, नाकावरचा चष्मा, आईचा डबा. म्हटलं, डोळे तेच, शाई तीच, तरी शब्द गेला. म्हणजे वाचणं नुसतं डोळ्यांत नव्हतं, ते शिकण्यातून आलं होतं. विज्ञानातही नुसतं बघून काही दिसत नाही. दुर्बिणीतून काय दिसतं हे बघायलाही शिकावं लागतं, आणि शिकवणारा चुकला तर आपणही रांगेने चुकतो. म्हणून ज्याला खरं जाणायचंय त्याला दुसऱ्याचा हात धरावा लागतो, दुसऱ्याने टोकलेलं ऐकावं लागतं. हे मी पूर्वीही शिकवत होते. पण तेव्हा ते मला पुस्तकातून माहीत होतं.

प्रश्न आले. एक मुलगी म्हणाली, मग प्रयोगशाळेत माझं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर मी माझं खोडू की नको? मी म्हटलं, आधी खोडू नकोस, आधी शेजारणीला दाखव. हशा झाला. मंगलाने दर पंधरवड्याला या म्हणून सर्वांसमोर जाहीर करून टाकलं. मला नाही म्हणता आलं नाही, म्हणायचंही नव्हतं.

वहिनी पहिल्या बाकावर होती. डब्याची गोष्ट आली तेव्हा शेजारच्या बाईला कोपराने ढोसून म्हणाली, "मी व्हते तिथं."

परतीच्या गाडीत खिडकीशी मी, उजवीकडे वहिनी, पुढच्या बाकावर तात्या. वहिनीचा डोळा लागला. पाम मागे पडलं. तात्या वळून बसला. सबंध जन्मात त्याने माझ्या कामाबद्दल कधी एक शब्द विचारला नव्हता. मला वाटायचं, त्याला ते थोतांड वाटतं.

"वच्छे, एक सांग," तो म्हणाला. "जे शिकलो नाय ते समोर असून दिसत नाय म्हनालीस."

"हो."

"मंग जे अजून कुनीच शिकलेलं नाय, ते पन असंल ना समोर? आता, ह्या घडीला?"

"असेल."

"आनि ते आपल्याला दिसत नाय, हे तरी आपल्याला कळायचं कसं?"

हाच प्रश्न घेऊन मी बाविसाव्या वर्षी घर सोडलं होतं. पुण्यात, सभांत, परिषदांत, किती जणांपुढे तो मांडला. आणि तो मला असा समोरून, गाडीच्या गचक्यांत, माझ्या भावाने विचारला.

"काय, चुकलं का काय माझं?" त्याने विचारलं.

"नाही तात्या. बरोबर आहे. याचं पूर्ण उत्तर नाही माझ्याकडे. थोडं आहे."

"थोडं तं थोडं." तो पुढे वळला, मग पुन्हा मागे. "आता नको. गाडीत ऐकू येत नाय नीट. उद्या चिकू उतरवायचे हायत, तेव्हा सांग. हात चालू असले की मला समजतं."

घरी आलो. भात टाकलाय. वहिनी हाक मारते आहे. उद्या सकाळी टोपली घेऊन तात्याबरोबर वाडीत जायचं. सुरुवात कुठून करायची ते अजून ठरत नाही. बहुतेक सांगेन, तात्या, इथून थोडा चढ आहे.